शेजारणीचा पंप

मला तण बघवत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मायेची अपेक्षा धरायला नको. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आठवी ते दहावी. ओळीबाहेर पाय काढून बसणारी पोरं आणि हिरवळीत मध्येच डोकं वर काढणारी आंबुटी, दोन्ही बघून माझं टाळकं सारखंच फिरायचं. खडू फेकून मारण्यात माझा नेम कधी चुकला नाही. आईबापही काही बोलायचे नाहीत. उलट, "मॅडम, अजून दोन ठेवून द्या," म्हणायचे.

रिटायर झाल्यावर अमडापूरच्या अलीकडे, गावाच्या टोकाला घर बांधलं. घर झालं त्याच वर्षी आमचे हे गेले. मुलगा पुण्याला. राहिले मी आणि घरापुढचं लॉन. लॉन म्हणजे साधी हरळीच, पण कात्रीनं कापून कापून मी तिची सतरंजी केली होती. गावातल्या बाया हसायच्या. जी हरळी वावरातून खणून काढता काढता त्यांच्या कमरा मोडल्या, तिला ही बाई नळीनं पाणी पाजून राह्यली, म्हणून. हसा म्हटलं. वावरात जन्म घालवलेल्यांना यातलं काय कळणार, असं मी फाटकात उभी राहून, त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

माझ्या कुंपणाला लागून शेजारणीचं घर आणि घरामागे तिचं वावर, कपाशीचं, इकडे पऱ्हाटी म्हणतात. ती माझ्याच वयाची, आवाजानं मोठी, मनानं वाईट नाही. घरात तिचा मुलगा आणि सून. ही सून म्हणजे माझीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून डोकं खायची. "मॅडम, असं काऊन होते?" पान हिरवं काऊन, रक्त लाल काऊन, विजेचा आवाज मागून काऊन. एकदा चिडून मी तिला वर्गाबाहेर उभं केलं, तर तिनं खिडकीतून विचारलं, "मॅडम, काचातून दिसते पण ऐकू कमी येते, असं काऊन?" सगळा वर्ग हसला. मला राग आला, पण त्या पोरीचा राग फार वेळ टिकायचा नाही. तीस वर्षांत असं 'काऊन' विचारणारी ती एकच मिळाली.

शेजारणीच्या घरामागे, गोठ्याला चिकटून, टिनाची एक खोली आहे. माझ्या कुंपणाला अगदी लागून. शेजारीण नवी नवरी असल्यापासून दर महिन्याचे चार दिवस त्या खोलीत बसत आलेली. सून आली तशी तिलाही तिथंच बसवायला लागली. उन्हाळ्यात ते टीन असं तापतं की आत हात लावायला जागा नाही, आणि पावसाळ्यात गोठ्यातलं मूत उताराउतारानं आत येतं. निजायला पोतं, जेवण दारातून सरकवलेलं. लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी पोरगी माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, नववीत तुमीच शिकवलं होतं न, त्याच्यात अशुद्ध काई नसते म्हून. मंग आमच्या घरी येऊन एक खेप सांगा न."

गेले मी. खोटं कशाला बोलू, जायला मला फार आवडलं. शेजारणीच्या ओट्यावर बसून तिला तासभर सुनावलं. रक्त म्हणजे काय, गर्भाशय म्हणजे काय, विटाळ ही किती अडाणी कल्पना आहे, सगळं. शेजारीण पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता म्हून ऐकते. पण काई वंगाळ झालं त तुमच्या अंगावर बरं मॅडम, सांगून ठेवते."

"आलं अंगावर तर घेईन," मी म्हणाले.

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या तोंडावर जे काही होतं ते बघून मला वाटलं, नोकरीची सगळी वर्षं वसूल झाली. त्या महिन्यापासून ती घरातच राहू लागली. टिनाच्या खोलीत गुरांच्या ढेपेची पोती आणि फवारणीचा पंप ठेवायला लागले. दोन वर्षं असं सुरळीत चाललं. त्या घरात लपवायचंही कारण राहिलं नाही, कोणाचा कितवा दिवस ते सहज बोलण्यात यायचं. हे लक्षात ठेवा.

मग माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची. तिची आई फोनवर माझं बोलणं ऐकताना अधूनमधून गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्यात काय असतं ते मला चांगलं कळायचं. साखरपुडा आमच्याकडे, दसऱ्यानंतर, लॉनवर. मी हट्टानं तसं करून घेतलं. या पुणेकरांना दाखवायचंच होतं की इकडेही माणसं राहतात. पण त्या वर्षी पाऊस असा लागून राहिला की पोळ्यापर्यंत लॉनची दशा झाली. आंबुटी, दुधी, एकदांडी, घोळ, कडेनं गाजरगवत. जिथं बघावं तिथं ही रुंद पानांची भिकारडी जात हरळीच्या उरावर बसलेली. सकाळी उठून बघितलं की माझा चहा कडू व्हायचा.

पोरगी खुरपं घेऊन आली. दर वर्षी तीच येऊन निंदायची, आपणहून. "चार दिवसांत काढून देते मॅडम, एक काडी ठेवत नाही."

"राहू दे," मी म्हणाले. "तू बोलतेस जास्त आणि खुरपतेस कमी. आणि मुळं तुटून राहतात, पंधरा दिवसांत परत वर येतं."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करून राहिले.

बाजाराच्या दिवशी अमडापूरला कृषी केंद्रात गेले. दुकानदार जुना, धोतरवाला, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं मला टू-फोर-डी दिलं. "रुंद पानाचं तेवढं मरते याच्यानं मॅडम. गवताले काई होत नाही. हरळी उभी राह्यते, बाकी सारं झोपते." मग डबा पिशवीत घालता घालता थांबला. "पण ध्यानात ठेवा, पऱ्हाटी पन रुंद पानाचीच असते. वारा सुटला असंल त मारू नका. अन् ज्या पंपानं हे मारसान, त्या पंपानं पऱ्हाटी फवारायची नाही. नाइलाजच असंल त धुण्याच्या सोड्यानं तीन-चार खेपा धुवा, पाणी रातभर भरून ठेवा. एवढुसं राह्यलं तरी पऱ्हाटीचे हाल करते."

"मी सायन्सची शिक्षिका आहे," मी म्हणाले. "मला शिकवू नका."

"नाही, सांगायचं काम सांगतलं," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पंप माझ्याकडे नव्हता. आमच्या आळीत एकच चांगला पंप, शेजारणीचा, आणि तो सगळ्यांचाच. मागायचा, वापरायचा, धुऊन परत द्यायचा. घेणाऱ्यानं धुवायचा, म्हणून देणारा परत कधी धूत नाही. दिलेला पंप धुतलेलाच असतो असं सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरीनं टिनाच्या खोलीतून तो काढून कुंपणावरून दिला. म्हणाली, "सासूबाईनं सांगतलं, उद्या पाह्यजे. पऱ्हाटीवर तुडतुडे पडले, उद्या फवारायचं हाय."

म्हणजे मला ठाऊक होतं. पंप कुठे जाणार, कशावर जाणार, सगळं.

सकाळी वारा पडलेला बघून मी लॉन फवारलं. पाठीवर पंप घेऊन, नाकाला ओढणी बांधून, एक एक रोपटं नेम धरून ओलं केलं. त्यात काय आनंद होता म्हणून सांगू! दुपारी पंप धुवायला घेतला तेवढ्यात पुण्याहून फोन आला. विहीणबाई विचारत होत्या की तुमच्याकडे बाथरूम आत आहे की बाहेर. त्या रागात मी पंपात एक बादली पाणी ओतलं, हलवलं, कडुलिंबाच्या बुडाशी उपडा केला आणि झालं. सोडा न्हाणीत, दहा पावलांवर. दहा पावलं गेले नाही. विसरले म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. एकदा धुतला ना, बास, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणाले. दुकानदारासमोर ज्या तोंडानं शिक्षिका म्हणवलं त्याच तोंडानं.

संध्याकाळी पोरगी पंप न्यायला आली. "धुतला न मॅडम?"

"धुतला. तुला काय वाटतं, घाण परत देईन मी?"

"तसं नाही वो." तिनं झाकण काढून नाक लावलं. तिची सवयच ती. "वास येऊन राह्यला पन."

"उन्हात ठेव, जातो."

"बरं," म्हणाली आणि गेली. माझ्यावर तिचा किती भरवसा होता ते त्या 'बरं'मध्ये होतं.

आमच्याकडे शेजारून आलेलं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. वाटीभर भाजी आली तर वाटीत चिमूटभर साखर तरी घालून पाठवतात. पंपाच्या बुडाशीही, कितीही उपडा केला तरी, वाटीभर पाणी राहतंच. मी काही रिकामा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मुलानं पऱ्हाटी फवारली. विहिरीजवळून सुरुवात केली, कारण पाणी तिथं. लाइट नव्हती, मोटर बंद, म्हणून बायको विहिरीतून शेंदून त्याला जवळच्या ओळींत हंडे नेऊन देत होती. तिचा दुसरा दिवस होता. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि दोन वर्षं त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पहिले काही पंप विहिरीजवळच्या ओळींवर गेले, आणि माझी ती वाटी त्यांच्यातच संपली असणार, कारण पुढच्या ओळींना काही झालं नाही.

इकडे माझं लॉन. तिसऱ्या दिवसापासून आंबुटीच्या माना वाकड्या व्हायला लागल्या. हे औषध झाडाला जाळत नाही. त्याला वेड्यासारखं वाढायला लावतं. देठ पिळतो, खोड फुगतं, पान उलटं फिरतं, आणि वाढता वाढताच ते मरतं. मी रोज चहा घेऊन ओट्यावर बसायचे आणि ते मरणं बघायचे. हरळीची एक काडी पिवळी पडली नाही. मला इतकं बरं वाटत होतं की त्या आठवड्यात मी भिकाऱ्यालासुद्धा ओरडले नाही.

आठवड्यानं सकाळी शेजारीण फाटकाशी आली. हातात पऱ्हाटीचा शेंडा. मागे मुलगा, त्याच्यामागे सून, आणि आळीतल्या दोन बाया, ज्या कुठंही काही झालं की येतातच.

"मॅडम, तुमी सायन्सच्या. हे पाहा बरं काय झालं. भेंडीवानी पानं झाले."

मी शेंडा हातात घेतला. पान अरुंद झालेलं, बोटांसारखं चिरलेलं, देठ पिळलेला. बघायचीही गरज नव्हती. असाच पीळ रोज सकाळी माझ्या ओट्यावरून मला दिसत होता. माझ्या पाठीमागे लॉनवर तीच वाकडी खोडं वाळत पडली होती. कोणी मान वळवून बघितलं असतं तरी पुरलं असतं, पण ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हवामान आहे," मी म्हणाले. "ढगाळ आहे ना इतके दिवस."

"हवामान काय विहिरीपासच्याच ओळीवर आलं?" शेजारीण म्हणाली. "तिकडल्या ओळी पाहा, एक पान वाकडं नाही. जिथं जिथं ही पाणी घेऊन फिरली तिथंतिथंच झाड वाकडं झालं. दुसरा दिवस होता तिचा. म्या तवाच म्हटलं होतं लेकाले, नको नेऊ तिले."

सांगते, तीस वर्षांत माझ्या वर्गात एका पोरानं इतकं चोख निरीक्षण केलं नव्हतं. कुठं झालं, कुठं नाही झालं, त्या दिवशी तिथं वेगळं काय होतं, सगळं बरोबर मांडलं त्या बाईनं. फक्त कारण चुकलं होतं. बरोबर कारण माझ्या जिभेवर होतं.

पोरगी मागून पुढं आली. "मॅडम, पंपाले वास येऊन राह्यला होता न. म्या सांगतलं होतं तुम्हाले."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "औषधाच्या पंपाला औषधाचाच वास येणार. तुम्ही काय पऱ्हाटीवर अत्तर फवारता?"

त्या दोन बाया खो खो हसल्या. तिचा नवराही हसला. पोरगी हसली नाही. वर्गात खडू लागल्यावर पोरं जशी क्षणभर बघतात, कुठून आला म्हणून, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी म्हनल्या होत्या मॅडम, अंगावर घेते म्हून," शेजारीण म्हणाली. रागानं नाही, साधेपणानं. तिला खरंच माझ्याकडून काही तरी ऐकायचं होतं. मी एक शब्द बोलले असते तर तिनं ऐकलं असतं.

"ते मी शास्त्राचं सांगितलं होतं," मी म्हणाले. "घरातले नियम तुमचे तुम्ही बघा. मी कोण मध्ये पडणारी?"

त्याच दिवशी टिनाच्या खोलीतून ढेपेची पोती बाहेर निघाली.

का गप्प बसले, ते स्वतःला पुष्कळदा विचारलं. साखरपुडा तोंडावर होता, सगळी आळी येणार होती, पुण्याच्या लोकांच्या कानावर गेलं असतं की मॅडमनं शेजाऱ्याची पऱ्हाटी बिघडवली. हे एक. पण ते नुसतं सांगायचं कारण. खरं हे की सायन्सच्या मॅडमला पंप धुता आला नाही, हे मला त्या धोतरवाल्या दुकानदाराच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी. एका माणसासमोर नाक वर राहावं एवढ्यासाठी मी दुसऱ्याला गोठ्यात बसवलं. निर्लज्जपणा याच्यापुढे जात नाही.

पुढच्या महिन्यात एका सायंकाळी मी कुंपणाच्या कडेची हरळी कात्रीनं कापत होते. पलीकडे टिनाच्या खोलीच्या दारात ती पोत्यावर बसलेली. पाऊस पडून गेला होता, आतून गोठ्याचा वास येत होता. तिनं हळू आवाज दिला.

"मॅडम."

"काय गं."

"पंपाचं सांगू नका तुमी. ते राहू द्या. मी कोणाले बोलत नाही, देवाशप्पथ. फक्त एवढं सांगा सासूबाईले, का विटाळानं झाड वाकडं होत नाही. बस. नववीत सांगतलं होतं तसं. तुमचं ऐकते ते."

बघा, काय मागत होती. माझी चूक सोडून दिली होती तिनं. माझं नाक शाबूत ठेवून, पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य मागत होती, जे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं. तेही माझ्याच्यानं होईना. त्यानं नाही झालं तर मग कशानं झालं, असं शेजारणीनं विचारलं असतं. ती विचारल्याशिवाय राहिली नसती, आणि तिच्यापुढे दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

"मी लोकांच्या घरच्या भानगडीत पडत नसते," मी म्हणाले. कात्री चालूच होती. "आणि चार दिवसांचाच तर प्रश्न आहे. कामातून सुटका. आराम कर."

तिनं पाय आत ओढून घेतले. मग म्हणाली, "हाव मॅडम." माझ्या वर्गात कधीही तिनं 'काऊन' न विचारता 'हाव', म्हणजे हो, म्हटलेलं मला आठवत नाही.

साखरपुडा झाला. लॉन असं झालं होतं की पुणेकरांनी चपला बाहेर काढल्या. विहीणबाई हरळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती सुरेख ठेवलंय हो! इकडे असं काही असेल असं वाटलंच नव्हतं." माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं गोड बोललं नव्हतं. शेजारीण नवं लुगडं नेसून आली होती, वाढायला मदत करत होती. तेवढ्यात विहीणबाईंचं लक्ष कुंपणाकडे गेलं. "तिकडे ती मुलगी एकटी का बसलीये? बोलवा ना तिला."

"शेजारची आहे," मी म्हणाले. "तिला गर्दी आवडत नाही."

कुंपण तारेचं आहे. तारेतून सगळं ऐकू जातं.

आणि मग जे झालं त्यानं तर कायमचा खिळा ठोकला. दिवाळीच्या सुमाराला विहिरीजवळच्या पऱ्हाटीला खालून नवे फुटवे आले. चांगले, सरळ, रुंद पानांचे. त्या औषधाचा अंश थोडाच गेला असेल तर झाड असं सावरतं, हे मला माहीत होतं. शेजारणीला दुसरं माहीत होतं. ती फाटकातूनच ओरडली, "मॅडम, पाह्यलं का? दोन महिने बसवली अन् पऱ्हाटी सुधरली! तुमी शिकलेल्या, पन आमचंबी काई खोटं नसते."

मी मान हलवली. तिच्याकडे पुरावा होता. बसवलं नव्हतं तेव्हा बिघडलं, बसवलं तेव्हा सुधारलं. प्रयोगवहीत लिहावं असं.

पुढच्या पावसाळ्यात लॉनमध्ये परत आंबुटी आली. मी परत पंप मागितला, परत फवारलं. पण आता पंप मी सोड्यानं चार वेळा धुते, रात्रभर पाणी भरून ठेवते, नोझल काढून ब्रशनं घासते. इतका स्वच्छ पंप साऱ्या तालुक्यात कोणी परत करत नसेल. शेजारीण सगळ्यांना सांगते, मॅडमसारखं धुणं कोणाले जमत नाही.

परवा सकाळी लॉनवर खुर्ची टाकून बसले होते. पोरगी खोलीतून निघून मागच्या वाटेनं येताना दिसली. वाळली आहे. केस तेलाशिवाय. माझा मुलगा दोन महिन्यांपूर्वी बायकोला घेऊन आला तेव्हा त्याची बायको म्हणाली होती, आई, ती मुलगी आजारी आहे का? तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. आज सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. आधी तिला, मग तिच्या सासूला, मग ज्याला ऐकायचं त्याला. दुकानदाराला ऐकायचं असेल तर त्यालाही. वय झालं, आता नाक कोणासाठी सांभाळायचं?

"ये गं," मी हाक मारली. "ये, बस इथं हरळीवर. बोलायचं आहे."

ती फाटकाशी आली आणि थांबली. आत नाही आली.

"नको मॅडम. दुसरा दिवस हाय. तुमचं लॉन जळून जाईन."

टोमणा असावा, देवा, टोमणाच असावा म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा मारला असता तर मी तिचे पाय धरले असते. पण तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. तिला खरंच माझ्या लॉनची काळजी वाटत होती.

"अगं, काय बोलतेस तू? माझ्या वर्गात शिकलीस ना?"

"शिकले न. पन होते मॅडम तसं. पऱ्हाटीचं नाही का झालं? मी बसले तवा सुधरली."

मी उठले. फाटकापर्यंत गेले. म्हणाले, "ते तुझ्यामुळे नव्हतं झालं. ते पंपामुळे झालं. माझ्यामुळे. पंपाला वास येत होता, तूच म्हणाली होतीस. आठवतं?"

तिनं थोडा विचार केला. वर्गात अवघड प्रश्न दिल्यावर करायची तसा, भुवया जवळ आणून. मग मान हलवली.

"नाही मॅडम," ती मला समजावत म्हणाली. "पंप त तुमी धुतला होता न. तुमीच म्हनल्या."

फाटकाखालून हरळीचा एक धुमारा रस्त्यावर आला होता. तिचं पाऊल त्याच्या अगदी जवळ होतं. ते तिच्या लक्षात आलं तसा तिनं पाय मागे घेतला, आणि मागच्या वाटेनं खोलीकडे गेली.